हजार खुर्च्या, पण खाटा किती?

कोकणात तालुक्याच्या गावी पर्यटनाची बैठक भरली की एक मागणी हमखास येते. "आपल्याकडे हजार माणसांचं, एसी, मोठ्या शहरांच्या तोडीचं कन्व्हेन्शन सेंटर झालं पाहिजे." सिंधुदुर्ग १९९७ सालीच पर्यटन जिल्हा जाहीर झाला. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, शेजारच्या गोव्यातल्या मोपाचा जानेवारी २०२३ मध्ये. परिषदा मुंबईला बीकेसीत होतात, वाशीत होतात, गोव्यात होतात, मग आम्हीच काय घोडं मारलंय, असा सूर असतो. माणसं यायला तयार आहेत, फक्त बसवायला जागा नाही, असं त्यामागे धरलेलं असतं.

बसवायला जागा ही कोकणात कधीच अडचण नव्हती. १९९० साली रत्नागिरीत आणि जानेवारी २०१३ मध्ये चिपळुणात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, ते काही कन्व्हेन्शन सेंटर आहे म्हणून नव्हे. अशा संमेलनाला येणारा माणूस नातेवाइकाकडे, शाळेच्या वर्गात, लॉजवर, मिळेल तिथे पथारी टाकतो. डॉक्टरांची परिषद, कंपनीची विक्री-बैठक, बँकेच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण यांचं तसं नसतं. त्यांचा पहिला प्रश्न "हॉल केवढा?" हा नसतोच. "एका दर्जाच्या, एका दराच्या, जवळजवळ असलेल्या किती खोल्या द्याल?" हे ते आधी विचारतात. तिथेच आपली बोलती बंद होते.

आधी पैशाचा हिशेब मांडू. आकडे गृहीत धरलेले आहेत, आपापल्या गावाचे घालून पाहावेत. थिएटरसारख्या रांगा लावल्या तर माणशी १० चौरस फूट लागतात, म्हणजे हजार जणांना १०,०००. पण नुसत्या हॉलवर परिषद होत नाही. बाहेर चहापानाची लॉबी ३,५००, गटचर्चेच्या चार खोल्या ३,०००, दोन पंगतींत जेवण उरकायचं म्हटलं तरी जेवणघर ६,५००, स्वयंपाकघर आणि कोठार ३,५००, स्वच्छतागृहं, एसीची यंत्रणा, येण्याजाण्याच्या वाटा ३,५००. झाले ३०,००० चौरस फूट. चौरस फुटाला ६,००० रुपये धरले तर १८ कोटी, जमीन सोडून. १० टक्क्यांनी १५ वर्षांचं कर्ज काढलं तर महिन्याचा हप्ता १९ लाखांच्या वर, म्हणजे वर्षाला २ कोटी ३२ लाख. वीज, पगार, विमा, रंगरंगोटीला ८० लाख धरा. वर्षाचा खर्च ३ कोटी १२ लाख. वर्षातून ६० दिवस हॉल लागला, आणि तेही लग्नं धरून, तर दिवसाला ५ लाख २० हजार भाडं मिळायला हवं. तालुक्याच्या गावी २ लाख मिळाले तरी आनंद मानावा. म्हणजे वर्षाला १ कोटी ९२ लाखांची खोट.

आता दुसरी बाजू. त्याच हजार जणांनी दोघांत एक खोली घेऊन दोन रात्री काढल्या, खोली ४,००० रुपयांची, तर खोल्यांची विक्री होते ४० लाख. हॉलचं दोन दिवसांचं भाडं ४ लाख. हॉल हे गिऱ्हाईक खेचायचं आमिष आहे, कमाई खोल्यांची. म्हणून जगभर हॉल सवलतीत, कधी फुकटही देतात. यात गैर काही नाही. गैर होतं ते हॉल नगरपरिषदेच्या किंवा सरकारच्या पैशाने आणि खोल्या खासगी, अशी वाटणी झाली की. खोट एकाच्या वहीत आणि नफा दुसऱ्याच्या.

अमेरिकेत हा खेळ कितीतरी वर्षं चाललाय. ब्रुकिंग्ज संस्थेच्या जानेवारी २००५ च्या अहवालात हिशेब आहे: कन्व्हेन्शन सेंटरांवरचा सार्वजनिक भांडवली खर्च दहा वर्षांत दुप्पट होऊन वर्षाला २४० कोटी डॉलरवर गेला, जागा १९९० पासून निम्म्याहून जास्त वाढली, आणि सर्वांत मोठ्या २०० व्यापारी प्रदर्शनांची गर्दी मात्र १९९३ च्या पातळीवरच अडकून राहिली. हॉल रिकामा राहिला की सल्लागार सांगतो, शेजारी हॉटेल नाही म्हणून. हॉटेल होतं. तेही भरलं नाही की हॉल लहान पडतोय म्हणून. मग हॉल वाढतो. बाल्टिमोर शहराने ३० कोटी १० लाख डॉलरचे रोखे काढून ७५७ खोल्यांचं हॉटेल २००८ मध्ये कन्व्हेन्शन सेंटरशेजारी स्वतःच्या मालकीचं उभं केलं, आणि ते पुढे अनेक वर्षं तोट्यात चाललं. याउलट लास वेगासने २०२१ मध्ये नवा वेस्ट हॉल उघडला तेव्हा भोवती दीड लाखाच्या आसपास खोल्या आधीच होत्या, आणि त्या खोल्यांवरच्या करातून पैसा येत होता. तिथे खोल्या आधी, हॉल मागून. आपल्याकडे दिल्लीतल्या द्वारकेचं यशोभूमी कन्व्हेन्शन सेंटर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालं ते विमानतळाच्या मेट्रोच्या टोकाला. अशा ठिकाणी वाढ करावी की नाही यावर वाद घालता येतो. गणपतीपुळ्याला, गुहागरला, मालवणला किंवा वेंगुर्ल्याला तो वादच लागू नाही. नाकापेक्षा मोती जड.

गणपतीपुळे, दापोली, तारकर्ली इथे खोल्या नाहीत असं नाही, पण त्या दहा-पंधरा खोल्यांच्या घरगुती निवासांत विखुरलेल्या आहेत. एकाकडे गरम पाणी सोलरचं, जे पहिल्या चार अंघोळींत संपतं. दुसऱ्याकडे गिझर आहे पण जनरेटर नाही. तिसऱ्याची गादी कापसाची. परिषदेच्या आयोजकाला हे चालत नाही, कारण एकाच पदाच्या दोघांना दोन दर्जाच्या खोल्या दिल्या की रात्री साडेदहाला त्याचा फोन वाजायला लागतो.

म्हणून पहिलं काम खोल्या मोजण्याचं. हॉलपासून वीस मिनिटांच्या आत किती खोल्या आहेत याची यादी करावी. त्यातून अटॅच बाथरूम, प्रत्येक खोलीला गिझर, रात्रभर चालणारा जनरेटर आणि अंगणापर्यंत मिनीबस जाईल असा रस्ता, या चार अटींत बसणाऱ्या निवडाव्यात. निवडलेल्यांतल्याही साठ टक्केच खऱ्या धराव्यात, बाकीच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना जातातच. मग प्रत्येक मालकाकडून लेखी घ्यावं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मंगळवार ते गुरुवार, किती खोल्या, कोणत्या दराने. कागदावर २०० खोल्या असलेल्या गावात या चाळणीतून ७० निघाल्या तरी पुष्कळ. ७० खोल्या म्हणजे १४० माणसं. त्या गावाच्या परिषदेचा खरा आकार तेवढाच.

करारात घोळ होतो तो दोन कलमांवरून. एक, अडवलेल्या खोल्या सोडायची तारीख. आयोजक १०० खोल्या अडवतो आणि आठवडा आधी ६० च पाहिजेत म्हणतो, तेव्हा घरगुती निवासवाला उरलेल्या ४० विकू शकत नाही. तीस दिवस आधी आकडा पक्का, त्यानंतर दहा टक्क्यांपर्यंतच घट चालेल, पुढच्या खोल्यांचे पैसे भरायचे, आणि आगाऊ २५ टक्के. दुसरं, कर. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, पण हॉटेलला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. त्यामुळे खोली, हॉल आणि जेवण एकाच रकमेत गुंडाळून दर सांगण्याआधी सीएला विचारावं. नंतर बिलावरून भांडणं होतात.

गाडीचंही तसंच. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि सव्वाशे माणसांची जाण्या-येण्याची तिकिटं एका दमात मिळणं कठीण. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, आणि जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरवर आणतात. त्यात वावगं काही नाही, दरडीचा भरवसा नसतो. पण सकाळी साडेनऊला उद्घाटन ठेवून पाहुण्यांना त्याच पहाटेच्या गाडीने बोलावणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. आदल्या संध्याकाळीच सगळे पोचले पाहिजेत, म्हणजे एक रात्र वाढते. हॉटेलवाल्याला ते बरंच असतं.

आता इमारत. इथे घाटावरचा नकाशा जसाच्या तसा उचलून आणला की गडबड होते.

सगळ्यात मोठी चूक छपराची. मोठ्या गाळ्याचा हॉल म्हटलं की लोखंडी कैच्या आणि वर पत्रा. जुलैत सरी कोसळायला लागल्या की पत्र्याखालच्या माणसाला माइकवरचं ऐकू येत नाही. आवाज वाढवला तर घुमतो, कारण खाली ग्रॅनाइटची फरशी आणि चारी बाजूंना काच. पत्र्याच्या खालच्या अंगाला ५० ते ७५ मिलिमीटर जाडीची रॉकवूल, त्याखाली हवेची पोकळी आणि मग छत, एवढं तरी हवंच. दुहेरी पत्रा त्याहून बरा. बजेट कमी पडलं की पहिली काट याच थरावर बसते, कारण तो दिसत नाही. प्रवेशद्वार पश्चिमेला आणि नैऋत्येला ठेवू नये, पाऊस तिरका आत येतो. पोर्च निदान सहा मीटर खोल, बसचं दार त्याच्या आत उघडेल एवढा. आणि ओल्या छत्र्यांना दाराशीच जागा. तीनशे ओल्या छत्र्या खुर्च्यांखाली गेल्या की कार्पेटची काय गत होते ते सांगायला नको.

एसीचा अंदाज तर नेहमी चुकतो. हजार माणसांच्या अंगाची उष्णता काढायला सुमारे ३३ टन लागतात. लोक तेवढंच धरतात आणि थोडं वर ठेवतात. पण बंद हॉलमध्ये ताजी हवा घ्यावी लागते. माणशी सेकंदाला ५ लिटर घेतली आणि बाहेर ३२ अंश, ७५ टक्के दमट हवा असली, तर ती हवा थंड आणि कोरडी करायलाच ६५ टन जातात. माणसांच्या दुप्पट! दिवे, छप्पर, भिंती, पडदे-प्रोजेक्टर धरून मशीन १३० टनांच्या घरात जातं. त्या ताज्या हवेतून तासाला अडीचशे लिटर पाणी निथळतं. निथळणाऱ्या पाण्याची नळी बारीक असली किंवा उतार चुकला की ते छतातून टपकतं, आणि टपकतं ते नेमकं व्यासपीठावर. उतार मीटरला एक सेंटिमीटर ठेवावा, नळी साफ करायला तोंड ठेवावं, आणि हे पाणी फ्लशच्या टाकीत सोडावं.

हॉल रिकामा असला तरी खर्च थांबत नाही. पावसाळ्यात पंधरा दिवस कुलूप लावून ठेवलं की पडद्यांना, कापडी पॅनेलांना, खुर्च्यांच्या गाद्यांना पांढरी बुरशी येते. प्लायवूड फुगतो, दारं बसत नाहीत. आतली दमटी ६० टक्क्यांच्या खाली ठेवायला डीह्युमिडिफायर रोज चालवावा लागतो, कार्यक्रम असो वा नसो. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या खारी हवा खाते. त्याला मुळातच एपॉक्सीचा लेप असलेली कॉइल घ्यावी आणि पंधरवड्याला गोड्या पाण्याने धुवावी. रेलिंगला, बिजागऱ्यांना ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील लावलं की त्यावर तांबूस डाग येतात, समुद्राजवळ ३१६ च घ्यावं. वीज गेली तर ४०० केव्हीएचा जनरेटर तीन चतुर्थांश भारावर तासाला साधारण ६५ लिटर डिझेल पितो. आठ तासांच्या कार्यक्रमात निम्मा वेळ वीज नसली तर २६० लिटर. भाड्यात हे धरलेलं असतं का?

समुद्र दिसायला हवा, ही आणखी एक हौस. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. म्हणून मग नजर जाते सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, "तिथे काय, नुसता कातळ!" त्या कातळावरच देवी हसोळ, कशेळी, उक्षी, बारसूची कातळशिल्पं आहेत, आणि त्याच जांभ्यातून झिरपलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत येतं. शिवाय बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या पुढे गेलं की पर्यावरण मंजुरी लागते. हॉल आणि हॉटेल दोन वेगळ्या फायलींत घालून ती चुकवायचा मोह होतो. पाण्याची लाइन, रस्ता आणि पार्किंग एकच असलं की तो प्रकार उघड पडतो, आणि काम मध्येच थांबतं.

परिषदांना आमचा विरोध नाही, हेही सांगून टाकतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचं दुखणं शनिवार-रविवारचं नाहीच. नाताळात, मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत खोली मागून मिळत नाही. दुखणं आहे जानेवारीतल्या मंगळवारचं, आणि त्याचं औषध परिषदेत आहे. फक्त मात्रा लहान हवी. दीडशे ते अडीचशे माणसांची दोन दिवसांची बैठक, आठवड्याच्या मधल्या वारांना. त्यासाठी नवा महाल नको. बहुतेक तालुक्यांत एखादं नाट्यगृह किंवा सभागृह असतंच. अडचण एवढीच की नाट्यगृहाची जमीन उतरती आणि खुर्च्या जखडलेल्या, म्हणजे तिथे भाषण होतं, पंगत किंवा प्रदर्शन होत नाही. त्याला लागून अडीच-तीन हजार चौरस फुटांची सपाट जमिनीची खोली काढली की तीन बाय तीन मीटरचे बारा-पंधरा स्टॉल बसतात आणि दुपारी तिथेच जेवण होतं. दुरुस्तीसकट हे काम नव्या सेंटरच्या दहाव्या हिश्श्यात बसावं.

जेवणाचंही असंच. बचत गटाच्या बायका दीडशे पानांचं जेवण झकास देतात. हजाराचं सांगितलं की टोप भाड्याने, आचारी बाहेरून, आणि ताटात पुन्हा पनीर. सोलकढी तासभर आधी जगात भरून टेबलावर मांडली की आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या अर्काच्या, आंबटपणाने नारळाचं दूध फुटतं, पाणी वेगळं आणि साका वेगळा. आगळ आणि नारळाचा रस वेगळे ठेवून वाढताना कालवायचे, हे दीडशे जणांत जमतं. माशांचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांच्या मेनूवर ताजी सुरमई छापू नये. गणपतीत आणि शिमग्यात तर काही ठरवूच नये. वेटरपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळा गावचा माणूस घरी जातो, आणि त्याने जावंच.

आता सांडपाणी आणि पाणी. सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू रोजच्या खाण्यावर जगतात. वीस दिवस हॉटेल रिकामं आणि एकविसाव्या दिवशी अचानक पाचशे माणसं आली की निम्मे उपासमारीने आधीच मेलेले असतात, उरलेले लोंढ्याबरोबर वाहून जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास सुटतो तो थेट लॉनवर. यावर उपाय म्हणजे पाणी साठवून सारखं सोडणारी टाकी सहा-आठ तासांची न बांधता पूर्ण दिवसाची बांधणं, आणि रिकाम्या दिवसांत ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, बंद न करणं. विजेचं बिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवतात, म्हणून प्लांट मरतो. जांभ्यात शोषखड्डा काढून तर बघूच नये. जांभा चाळणीसारखा, घाण सरळ शेजारच्या विहिरीत.

पाण्याचं माप बांधकाम संहितेत दिलेलं आहे: हॉटेलच्या खाटेमागे दिवसाला १८० लिटर, उपाहारगृहाच्या खुर्चीमागे ७०. हजार माणसांना अडीच लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे २५ टँकर, रोज. एप्रिल-मे मध्ये ज्या वाड्यांवर पिण्याचं पाणीच टँकरने जातं, त्यांच्याच रस्त्याने हे २५ जाणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून आर्किटेक्ट नेमायच्या आधी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात विहीर तपासावी. संध्याकाळी सहाला दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजायची. पंप लावून पाणी एक मीटर खाली उतरवायचं, पंप बंद करून वेळ लिहायची. मग दर दोन तासांनी पातळी मोजत राहायचं, पूर्ववत होईपर्यंत. असं लागोपाठ तीन दिवस, कारण पहिल्या दिवशी विहीर नेहमी खोटं बोलते. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे १९,६०० लिटर. ते बारा तासांत भरलं तर दिवसाला ३९,००० लिटर मिळतात. अडीचशे माणसांना ६२,५०० लागतात, म्हणजे अशा दोन विहिरी. हजारांना सात.